कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना आरोग्य विमा मिळावा का?

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मेडी-कॅल ही आपली सरकारी आरोग्य योजना टप्प्याटप्प्याने वाढवत नेली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नसलेल्या सर्व वयोगटांतील गरजू स्थलांतरितांना खुली केली. दोनच वर्षांत, जानेवारी २०२६ पासून, अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवण्यात आली. आमच्या सोसायटीत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांचे म्हणणे एकच होते : चोरवाटेने आलेल्यांना विमा कशासाठी? मला ते पटले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मी नाशिकमध्ये डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून काम करते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्रावर घ्यावे लागते. आपल्याकडे पैशाअभावी अनेक जण दोनदाच येतात, आणि त्याची किंमत आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसते : सुजलेले डोळे, धाप, रात्रभर उशीला टेकून बसल्यामुळे न झालेली झोप. डायलिसिसची एक वेळ चुकली की शरीरात पाणी साठते, पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके कधी बिघडतील याचा नेम राहत नाही.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाची, तो कोणीही असो, तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्यापुढील नियमित उपचार मात्र त्या कायद्यात येत नाहीत. त्यामुळे अनेक राज्यांत कागदपत्रे नसलेल्या रुग्णाला ठरलेल्या दिवशी डायलिसिस मिळत नाही. पोटॅशियम धोक्याच्या पातळीला गेले, श्वास कोंडला, की मगच त्याला यंत्रावर घेतात, थोडे बरे वाटले की घरी पाठवतात, आणि आठवडाभरात तो पुन्हा त्याच अवस्थेत दारात उभा राहतो. यात खर्च वाचत नाही, कारण तातडीचा विभाग आणि अतिदक्षता विभाग हेच रुग्णालयातले सर्वांत महागडे भाग असतात. कॉलोराडो राज्याने हे ओळखून २०१९ मध्ये तातडीच्या उपचारांच्या व्याख्येतच नियमित डायलिसिसचा समावेश केला. विमा नाकारल्याने आजार नाकारला जात नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

सिडकोकर

ताई, आपल्या कामाबद्दल आदर आहे, पण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. जीव वाचवण्याचे कर्तव्य मला पूर्ण मान्य आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खटल्यात तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या कलम २१ चा भंग ठरवला. रेल्वेतून पडलेल्या त्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. परंतु विमा ही सामायिक तिजोरी आहे, आणि तिच्यात कोणाचा वाटा असावा हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाला असतो.

माझा मुलगा अमेरिकेत नियमाने गेला. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी (कायम वास्तव्याच्या परवान्यांपैकी) साधारणपणे ७ टक्क्यांपेक्षा अधिक मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. तो कर भरतो, विम्याचा हप्ता भरतो, आणि नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत दुसरी मिळवावी लागेल या काळजीत राहतो. रांग मोडून आलेल्याला सरकारी खर्चाने तेच संरक्षण मिळणार असेल, तर रांगेत उभे राहणाऱ्याने काय समजावे? कॅलिफोर्नियाचा खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ वाढला, हेही आपण लिहायला हवे होते.

द्राक्षबाग (पिंपळगाव बसवंत)

मी शेतकरी आहे, म्हणून माझ्या बाजूने लिहितो. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत माझी बाग पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या हातांवर उभी राहते. विरळणी यंत्राने होत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन होआकिन खोऱ्यातही खाण्याची द्राक्षे हातानेच काढतात, आणि अमेरिकेतील पीक-मजुरांपैकी सुमारे ४० टक्के लोकांकडे कागदपत्रे नसतात. हे बागाईतदाराला माहीत असते, सरकारलाही माहीत असते. माल स्वस्त मिळावा म्हणून त्यांना कामावर ठेवायचे आणि औषध फवारताना कोणाला चक्कर आली की ‘तू येथला नाहीस’ म्हणायचे, हे मला अधर्माचे वाटते. माझे मजूर आपल्याच राज्याचे, त्यांची तुलना पूर्ण लागू पडत नाही, हे मान्य. तरी ज्याच्या घामाचा पैसा आपण घेतो त्याच्या आजारपणाचा काही भार आपल्यावर येतोच, असे मी मानतो.

सिडकोकर

दादा, मग तो भार बागाईतदारावर टाका. ज्याने कायदा मोडून कामावर ठेवले त्याच्याकडून हप्ता वसूल करा. सर्वसामान्य करदात्याकडून का? शिवाय विम्याचे गणित निरोगी माणसांच्या हप्त्यांवर चालते. आजारी पडल्यावरच नाव नोंदवण्याची मुभा असेल, तर कोणतीही योजना तग धरणार नाही.

गोदाकाठ

हप्त्याचा मुद्दा रास्त आहे, पण तो माझ्या बाजूने झुकतो. स्थलांतर करून मजुरी करणारे लोक बहुधा तरुण आणि धडधाकट असतात. असे लोक विम्यात आले तर सर्वांचाच धोका वाटला जातो. त्यांना बाहेर ठेवले तर तातडीच्या विभागात पोहोचलेले अत्यवस्थ रुग्ण तेवढे सार्वजनिक खर्चावर येतात, आणि आपल्याला नको असलेली अवस्था नेमकी तीच आहे.

करदात्यांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. कर आणि आर्थिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या अंदाजानुसार, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांनी २०२२ मध्ये सुमारे ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. त्यात निवृत्तिवेतनाच्या निधीत जाणारी मोठी रक्कम आहे, जिचा लाभ त्यांना सध्याच्या कायद्याने मिळणार नाही. सामायिक तिजोरीत त्यांचा वाटा नाही, हे म्हणूनच मला मान्य नाही.

आपल्या मुलाच्या रांगेबद्दल मात्र मी काही बोलू शकत नाही. तो अन्याय खरा आहे. पण त्याचे कारण ७ टक्क्यांचा नियम आहे, रुग्णालयातल्या खाटेवरचा मजूर नव्हे.

सिडकोकर

शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. ते माझ्या मनाला लागले, आणि त्यात तथ्य आहे हे नाकारत नाही. तरीही अनुदानाला माझा विरोध कायम आहे. माझी तडजोड एवढीच : ज्याला हवा त्याने पूर्ण हप्ता भरून विमा घ्यावा.

गोदाकाठ

काका, अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने नेमके हेच रोखले आहे. त्या कायद्याने उभारलेल्या विमा-बाजारात कागदपत्रे नसलेल्या माणसाला स्वतःच्या खिशातून पूर्ण पैसे मोजूनही विमा घेता येत नाही. वॉशिंग्टन राज्याने केंद्राकडून विशेष सवलत मागून घेतली, तेव्हा कुठे २०२४ पासून तेथील बाजार त्यांना खुला झाला. आपली तडजोड आज मान्य झाली, तर बाकीच्या बहुतेक राज्यांत कायदा बदलावा लागेल, आणि त्या बदलाच्या बाजूने आपण दोघेही उभे असू.