गंगा, ओया, आरू : श्रीलंकेच्या नद्यांना मराठीत काय म्हणायचं, आणि त्यांचं पाणी कुठल्या शब्दात मोजायचं?

नमस्कार मंडळी, शब्दांचा एक गुंता झालाय, सोडवायला मदत हवीय.

ओळखीतली पंचवीसेक ज्येष्ठ मंडळी श्रीलंकेला चाललीयत, त्यांच्यासाठी तिथल्या नद्यांवर चार-पाच पानांचं मराठी टिपण करायचं काम माझ्याकडे आलंय. मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलोय म्हणून हौसेने हो म्हटलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. बेटावरची सगळ्यात लांब नदी महावेली गंगा, ३३५ किलोमीटर. 'महावेली गंगा नदी' असं लिहून मोकळा झालो आणि मग आठवलं की सिंहलीत गंगा हे काही एका नदीचं नाव नाही, गंगा म्हणजेच नदी. म्हणजे मी नदी नदी लिहिलं का?

पुढे अजून अवघड. तिकडे पुलावर तीन लिप्यांत नाव लिहिलेली पाटी असते आणि त्या नावाच्या शेवटी चारातला एक शब्द हमखास दिसतो. गंगा, ओया, ॲळ, आणि तमिळ भागात आरू. केळणी गंगा, कलू गंगा, वळवे गंगा एकीकडे, मल्वतू ओया, कला ओया, देदुरू ओया दुसरीकडे. शब्दकोशात ओया म्हणजे लहान नदी, ओढा असा अर्थ मिळतो. ठीक. पण लांबीचा क्रम लावला तर महावेलीनंतर दुसरा नंबर मल्वतू ओयाचा, १६४ किमी, तिसरा कला ओयाचा, १४८, आणि मग कुठे केळणी गंगा १४५ ला येते. कलू गंगा तर १२९ वरच थांबते. १६४ किलोमीटरचा ओढा मराठीत कसा लिहायचा सांगा!

मी हे दोन्ही प्रवाह एकाच आठवड्यात पाहिलेत, ऑगस्ट महिना होता. अनुराधपुराला मल्वतू ओयाच्या पुलावर उभा राहिलो तर खाली पांढरी वाळू, मधून घोट्याएवढ्या पाण्याची एक धार, आणि एक आजोबा वाळूत हाताने झिरा उकरून त्यातलं निवळलेलं पाणी करवंटीने कळशीत भरत होते, अगदी आपल्याकडे उन्हाळ्यात भरतात तसं. तीन दिवसांनी रत्नपुराला कलू गंगेवर आलो तर दुथडी भरलेलं, चहाच्या रंगाचं, आवाज न करता सरकणारं पाणी, आणि काठावरची केळीची झाडं गुडघाभर पाण्यात.

तर दोन प्रश्न. एक, ओयाला मराठीत काय म्हणू? दोन, नदीतून वाहणाऱ्या पाण्याच्या आकड्याला कुठला शब्द बरोबर, प्रवाह, विसर्ग की आणखी काही?

प्रतिसाद, गोदाकाठावरून

दादा, पहिल्या शंकेचं उत्तर आमच्या गावात आहे. आमच्याकडे गोदावरी हा शब्द पुस्तकात आणि पूजेत, एरवी सगळे गंगाच म्हणतात. गंगेला पाणी आलं, गंगेवर धुणं धुवायला गेली, गंगेपलीकडचं स्थळ. काठच्या पट्ट्याला गंगाथडी, गावं गंगापूर, गंगाखेड. परत वैनगंगा, पैनगंगा, कोल्हापूरची पंचगंगा आहेतच, तिथे 'गंगा' हा शब्द सिंहलीसारखाच नावाच्या शेवटी येऊन बसलाय आणि आपण बिनधास्त 'पैनगंगा नदी' म्हणतो, कुणाला दोनदा नदी म्हटल्यासारखं वाटत नाही. तेव्हा पहिल्यांदा 'महावेली गंगा ही नदी' लिहा, पुढे नुसतं महावेली. मराठी माणसाला गंगा समजावून सांगायची गरज नाही, फक्त तिकडे ते सामान्यनाम आहे एवढं एका वाक्यात सांगा.

ओढा मात्र लिहू नका. ओढा म्हणजे आमच्या बोलण्यातला वढा, पावसाळ्यात येतो, पोरं उडी मारून ओलांडतात, त्याला बहुतेक वेळा नावही नसतं, नुसता 'गावाखालचा वढा'. ज्या पाण्याच्या काठी अनुराधपुरासारखी राजधानी कित्येक शतकं नांदली त्याला ओढा म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच चित्र उभं राहील. पाली ग्रंथांत तिचं नाव कदंब नदी आहे, नदीच म्हटलंय.

प्रतिसाद, पाटबंधाऱ्यात नोकरी झालेला

दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, ३१ वर्षं हेच शब्द वापरलेत.

पेपरवाल्यांनी विसर्ग हा शब्द घरोघरी पोचवला पण तो धरणाच्या दाराशी बांधलेला आहे. दारं उचलून पाणी सोडलं की विसर्ग. धरणात वरून येतं ती आवक. आणि एखाद्या नदीतून किंवा खोऱ्यातून वर्षभरात एकूण किती पाणी येतं त्याला आमच्या खात्यात अस्सल मराठी शब्द आहे, येवा. येणे वरून येवा. बाहेर फारसा ऐकू येत नाही, पण इतका नेमका शब्द हाताशी असताना 'वार्षिक सरासरी जलप्रवाहाचे प्रमाण' वगैरे लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. येवा मोजायचा दलघमी (दशलक्ष घनमीटर) किंवा टीएमसीत (अब्ज घनफूट), आणि एका क्षणाला किती वाहतंय ते क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) किंवा सेकंदाला इतके घनमीटर असं, त्याला नुसता प्रवाह म्हटलं तरी चालतं.

तुमच्या कलू गंगेचाच हिशेब घ्या. ती वर्षाला सुमारे ४,००० दलघमी पाणी समुद्रात टाकते. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, म्हणजे झाले साधारण १४१ टीएमसी. आपल्या कोयना धरणाची पूर्ण क्षमता १०५ टीएमसी. म्हणजे १२९ किलोमीटरची नदी, लांबीने आपल्या उल्हासच्या जोडीला बसेल एवढीच, पण वर्षाकाठी भरलेलं कोयना धरण एकदा आणि वर आणखी तिसरा हिस्सा एवढं पाणी नेते. सेकंदाला सरासरी काढली तर १२७ घनमीटर, सुमारे ४,५०० क्युसेक. ही सरासरी आहे हे वाक्यात आलंच पाहिजे, पुरात कितीतरी पट वाहतं आणि उन्हात त्याहून पुष्कळ खाली येतं.

कारण पावसात आहे. रत्नपुरा नैऋत्य मोसमी पावसाच्या तोंडावर, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, अगदी आपल्या सह्याद्रीच्या पायथ्यासारखा. मल्वतू ओया उत्तरेकडच्या कोरड्या पट्ट्यातून जाते, तिला मुख्य पाणी ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्येकडून वारे फिरतात तेव्हा. तुम्ही ऑगस्टात गेलात म्हणून वाळू दिसली.

महावेलीचा आकडा देताना मात्र जपून. १९७६ पासून पोल्गोल्लाला बंधारा घालून तिचं बरंचसं पाणी बोगद्यातून उत्तरेकडे वळवलंय, पुढे ते कला ओयाच्या खोऱ्यातल्या तलावांपर्यंत जातं. म्हणजे एका नदीचं पाणी दुसऱ्या नदीच्या शेतांत. त्यामुळे येवा कुठल्या ठिकाणचा, वळवण्याआधीचा की त्रिंकोमालीजवळच्या मुखाशी, हे सांगितल्याशिवाय आकडा लिहू नये.

प्रतिसाद, राजापूरकडची

काकांनी येवा सांगितला ते फार बरं केलं, मी पहिल्यांदाच ऐकला.

मला ॲळबद्दल सांगायचंय. ॲळ म्हणजे लहान वाहतं पाणी आणि माणसाने काढलेला कालवा, दोन्ही. आमच्याकडे कोकणात लहान पाण्याला पऱ्ह्या, त्याहून मोठा तो व्हाळ, आणि व्हाळाला बांध घालून बागेत पाणी नेलं की पाट. पाट शब्दात ते ॲळचं दुसरं अंग नीट उतरतं, माणसाच्या हाताने उतार साधून नेलेलं पाणी. तिथली योद ॲळ तर बघायलाच हवी, पाचव्या शतकात धातुसेन राजाच्या काळात कलावॅव तलावापासून अनुराधपुरापर्यंत नेलेली, ८७ किलोमीटर, आणि सुरुवातीच्या टप्प्यात उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर! आमच्या आजोबांना वीस वाव लांबीच्या पाटाचा उतार साधताना नारळाच्या करवंटीत पाणी घेऊन तासन् तास बसलेलं पाह्यलंय, त्यामुळे तो आकडा वाचून अंगावर काटा आला. आणि गंमत बघा, त्या कालव्याचं दुसरं नाव जयगंगा. म्हणजे गंगा शब्द माणसाने काढलेल्या पाण्यालाही दिला, वाहतं राहिलं की गंगा.

दुसरं म्हणजे ही नावं परकी समजून लिहू नका, सिंहली आपल्याच कुळातली भाषा. वॅलि म्हणजे वाळू, महावेली म्हणजे भरपूर वाळूची, पालीत ती महावालुका गंगाच आहे. कलू म्हणजे काळा, आणि आपल्याकडे टिटवाळ्याला काळू नदी आहेच की. मॅणिक गंगा म्हणजे माणिकांची, रत्नांची. निल्वला मधला निल म्हणजे निळा. तलावाला वॅव म्हणतात तो वापीपासून, आपली बाव आणि बावडीही तिथूनच. टिपणात हे दोन ओळीत घातलंत तर आपल्या आजी-आजोबांना पुलावरची पाटी वाचताना ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटेल.

परत मी

सगळ्यांचे मनापासून आभार, आता टिपण बरंच सरळ झालंय.

ओया तसंच ठेवतोय, भाषांतर नाही. कारण तुमचं सगळं वाचून असं वाटतंय की तिकडच्या लोकांनी नाव देताना लांबी बघितलीच नसावी, पाणी बघितलं असावं. बारा महिने भरून वाहते ती गंगा आणि हंगामी ती ओया असा साधारण कल दिसतो, म्हणून १६४ किलोमीटरची मल्वतू ओयाच राहिली आणि १२९ ची कलू गंगा झाली. नियम काही पक्का नाही, मॅणिक गंगा कोरड्या भागात असून गंगा आहे, पण कल आहे. मराठीत आपण 'मोठी नदी' म्हणतो तेव्हा आपल्याही मनात लांबी नसतेच, पूर आला की पलीकडे जाता येतं का हेच असतं. म्हणून टिपणात 'सर्वात मोठी' हा शब्दच काढून टाकला, जिथे लांबी तिथे 'सर्वात लांब', जिथे पाणी तिथे 'सर्वात जास्त येवा असलेली'.

आरूचं पण ठरलं. तमिळमध्ये आरू म्हणजे नदी, केरळातल्या पेरियारमधला शेवटचा आर तोच. आणि हीच मल्वतू ओया मन्नारकडे तमिळ भागात शिरली की तिला अरुवी आरू म्हणतात, एकाच पाण्याला वर ओया आणि खाली आरू, त्यामुळे दोन्ही नावं देतोय.

लिंगाचा प्रश्न एका मित्राने काढला, ओया तो की ती. सगळ्या स्त्रीलिंगी केल्या, नदी मनात धरून. 'मल्वतू ओया आटली', 'अरुवी आरू मन्नारच्या दक्षिणेला समुद्राला मिळते'. फक्त ॲळ जिथे कालवा आहे तिथे ताईंच्या म्हणण्याप्रमाणे पाट लिहिलाय, म्हणून योद ॲळच्या ओळीत 'तो' आलाय. पहिली ओळ आता अशी आहे : 'महावेली गंगा, म्हणजे भरपूर वाळूची नदी, लांबी ३३५ किलोमीटर; कलू गंगा, म्हणजे काळी नदी, लांबी १२९ किलोमीटर, येवा वर्षाला सुमारे १४१ टीएमसी.' टीएमसी म्हणजे काय ते खाली वेगळं सांगत बसलो नाही, जाणाऱ्यांत निम्मे सांगली-कराडचे आहेत, त्यांना कोयना किती भरलं ते पावसाळ्यात रोज सकाळी लागतंच.