मार्कंडेय काठच्या गावाचा पाण्याचा हिशोब कसा मांडायचा?

नदीकाठचा
नमस्कार मंडळी, आमचं गाव बेळगावजवळ उचगाव-कंग्राळीच्या पट्ट्यात, मार्कंडेय नदीला लागूनच. जुलैत मार्कंडेय शिवारात घुसतीय, भात आठआठ दिवस पाण्याखाली कुजतंय, आणि मार्च उजाडला की त्याच नदीत नुसती डबकी, मोटरीचा फुटव्हॉल्व्ह चिखलात रुतून बसलेला. यंदा पंचायतीच्या आराखड्यात पाण्याचं नीट काहीतरी घालूया म्हणून आम्ही चारपाच पोरं लागलोय. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणाले आकडे घेऊन या. पण कुठले आकडे? नदीवरचं राकसकोप धरण भरलं की पेपरात २४७५ फूट छापून येतंय आणि सगळे निवांत होतात, पण ते पाणी पाईपनं बेळगाव शहराला जातंय, आमच्या विहिरीचं काय? पाणी पुरतंय की नाही हे ठरवायचं कसं, कुणी केलं असेल तर सांगा की.

पाणलोट
दादा, मी काही वर्षं पाणलोटाच्या कामावर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी धरणाची पातळी डोक्यातनं काढा. पाऊस वर्षाचा बघू नका, मार्च ते मे मध्ये काय उरतंय ते बघा, आपल्याकडं चणचण तेव्हाच असतीय.
नकाशा काढताना राज्याची रेघ धरू नका, पाणी कुठनं कुठं उतरतंय ते धरा. नदी बैलूरच्या डोंगरातनं येते, पण राकसकोपचं पाणी मागं तुडयेच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात पसरलंय. तिकडचा डोंगर बोडका झाला तर गाळ तुमच्याकडंच येणार.
आता हिशोब. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर म्हणजे १०,००० लिटर, हे एकदा पाठ करा. खर्चाच्या बाजूला माणशी रोज ५५ लिटर धरा, जलजीवन मिशनचा आकडा तोच आहे. गाव ४,००० चं असेल तर वर्षाला साधारण ८ कोटी लिटर. आणि ऊस? पिकाला एकूण २,००० मिलिमीटर धरलं (पावसाचं पाणी धरून) तर एकरी ८० लाख लिटर. म्हणजे १० एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी जवळपास सारखंच. हे मी पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा परत परत गुणाकार करून बघितला होता.
नदीचा प्रवाह मोजायला मशिन नको. काठावर १० मीटर दोरी ताणा, वरच्या टोकाला पाण्यात लिंबू सोडा. खालच्या टोकाला पोचायला समजा २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पात्र ४ मीटर रुंद, सरासरी अर्धा मीटर खोल असलं, तर गुणाकार करून ०.८५ नं कमी करा, तळाचं पाणी हळू चालतंय म्हणून. सेकंदाला साधारण ८५० लिटर येतंय. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, त्याच जागी मोजा.

शिवारातला काका
हिशोब बरोबर आहे, पण ऊस सोडा असं सरळ म्हणू नका बाबा. पुराच्या पाण्यात भात आणि भाजी जातीय, ऊस तेवढा तग धरतोय, म्हणून नदीकाठाला माणूस ऊसच लावणार. बटाटा चांगला झाला तर दर नाही. ठिबकावर लावा म्हणा, पाटानं रात्रभर पाणी सोडून झोपू नका म्हणा, ते ऐकतील. आमच्या शेजारचा थ्री फेज रात्रीच येतंय म्हणून मोटर चालू ठेवून घरी जातोय, सकाळी बांध फुटलेला.

खालच्या अंगाची आक्का
माझं सासर खाली, बळ्ळारी नाल्याचं पाणी मार्कंडेयला मिळतंय तिथनं पुढं. शहराचं सांडपाणी घेऊन येतोय हा नाला. तुम्ही लिटर मोजायलात, आम्हाला पाणी आहे पण हंडा घेऊन जायची इच्छा होत नाही. उन्हाळ्यात वरनं ताजं पाणी थांबलं की फेस धरतंय, म्हशी काठावर येऊन वास घेतात आणि मागं फिरतात. काठच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या म्हणून आम्ही बायकांनी दोनदा अर्ज दिलाय, अजून कुणी बाटली घेऊन आलेलं नाही. तेव्हा वहीत एक रकाना पाण्याच्या दर्जाचा घाला. वापरता येत नाही ते पाणी जमेला धरू नका.

पाणलोट
आक्का, हे मी लिहायला पाहिजे होतं. आणि विहिरींचं राहिलंच, दिवाळीनंतर आणि मेअखेरीस दोरीला गाठी मारून पातळी घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे तेवढ्या महिन्यांत जमिनीखालचं पाणी किती उतरलं ते, आणि मेअखेरीस विहिरीत उरतंय ती शिल्लक. वर्षाला जेवढं भरतंय त्याच्या ७० टक्क्यांवर उपसा गेला की केंद्रीय भूजल मंडळ सावध करतंय, १०० च्या वर गेलं तर अतिउपसा. बोअर एवढं खोल गेलंय म्हणून पाणी वाढलं असं नाही, आपल्या बसाल्टात, म्हणजे काळ्या खडकात, भेगा असतील तेवढंच.

नदीकाठचा
काल रविवार होता, शिवारातल्या तीन विहिरी मोजल्या. देवळाजवळच्या विहिरीत दोरी २३ हातांवर भिजली, आमच्या आज्जीच्या म्हणण्यानं तिच्या लग्नात ह्या दिवसांत कळशी वाकून भरायचे. आक्का, तुमच्या गावचं आणि आमचं एकत्र लिहूया का? वरच्या अंगाला मी मोजतो, खालच्या अंगाला तुम्ही, आणि दोन्ही पंचायतींत एकाच दिवशी देऊ.