तीन चाकी मोटरसायकल: वर्षानुवर्षं वापरलेल्यांनो, अनुभव सांगा. टिकली का? आणि बदलली असेल तर काय मिळालं?

नमस्कार मंडळी,

तीन चाकी मोटरसायकलींबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक नव्याकोऱ्या गाडीबद्दल. पहिल्या काही महिन्यांत कुठलीही गाडी गुणीच असते. मला हवेत ते एकच गाडी वर्षानुवर्षं राबवलेल्यांचे अनुभव. आधी काय गेलं? काय अजिबात गेलं नाही? आणि पुढचं मॉडेल घेतलं असेल तर खरंच काय सुधारलं?

सुरुवात माझ्यापासून. पुढे दोन, मागे एक, न झुकणारी (म्हणजे वळणावर दुचाकीसारखी न कलणारी) गाडी. वय दहाच्या पुढे. इंजिनाने आजवर अडवलेलं नाही, गिअरबॉक्सबद्दलही तक्रार नाही. पण गेल्या वर्षभरात डॅशबोर्डवर कधी हा दिवा, कधी तो. मध्येच गाडी ताकद आखडती घेते, बंद करून चालू केली की शहाण्यासारखी पळते. हॅण्डलही उजवीकडे किंचित ओढतं. मन दोलायमान आहे. हीच दुरुस्त करत राहू की नवीन घेऊ?

लिहिताना गाडीची जात जरूर सांगा, कारण चाकं तीन असली तरी दुखणी वेगवेगळी. पुढे दोन चाकं आणि झुकणारी (पियाजिओची एमपी3 2006 साली आली, यामाहाची नायकन 2018 ला), पुढे दोन पण न झुकणारी (कॅन-ॲम स्पायडर, पहिलं मॉडेल 2008 चं), आणि मागे दोन चाकांची ट्राइक (हार्लेची ट्राय ग्लाइड 2009 पासून, शिवाय नेहमीच्या बाइकवर किट बसवून केलेल्या). साइडकारवाल्यांनाही आमंत्रण आहेच.

*

माझी झुकणारी स्कूटर. एका पायात जोर कमी आहे, म्हणून मुद्दाम ही घेतली. सिग्नलला बटण दाबलं की पुढची चाकं आहेत त्या कोनात धरली जातात, पाय टेकावा लागत नाही. हे लॉक वेग जवळजवळ शून्यावर आला तरच लागतं आणि रेस दिली की आपोआप सुटतं. माझ्यासाठी गाडी म्हणजे हे लॉक. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आणि वय झाल्यावर कुरकुर सुरू झाली ती नेमकी तिथेच. आधी लागायला वेळ घेऊ लागलं, मग कधी लागायचं, कधी नुसताच बीप. आत हायड्रॉलिक भाग आहे, सेन्सर आहेत, वायरिंग आहे, आणि हे सगळं पुढच्या चाकांच्या मधोमध, जिथे पाणी आणि चिखल सर्वात जास्त उडतो. पहिल्या गॅरेजने अख्खं युनिट बदलायला सांगितलं. दुसऱ्याने कनेक्टर उघडून गंज साफ केला, ऑइलची पातळी बघितली, सेन्सर नीट बसवला. तेव्हापासून लॉक पहिल्यासारखं लागतंय. महाग पार्ट मागवायच्या आधी कनेक्टर उघडून बघायला सांगा, एवढं माझं ऐका.

झुकण्यासाठी पुढे आडव्या दांड्यांची जी चौकट असते, तिच्या प्रत्येक सांध्यात बेअरिंग आहे. एकात जरी ढिलाई आली तरी खडबडीत रस्त्यावर हॅण्डलमध्ये बारीक टकटक जाणवते. शिवाय पुढचं सगळं दुप्पट: दोन टायर, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, दोन सस्पेन्शन. सर्व्हिसिंगचा हिशेब दुचाकीसारखा धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मागे मात्र साधी स्कूटरच. व्हेरिएटरचा (स्कूटरच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरचा) बेल्ट आणि रोलर ठरल्या अंतराला बदलायचे, तुटायची वाट बघायची नाही.

नवीन घेतली का? नाही. नव्यात इंजिन मोठं आहे, पण मला इंजिन कमी पडतच नव्हतं.

*

झुकणारी, पण मोठ्या इंजिनाची. नायकन. हिला लॉक नाहीच, तेव्हा लॉक बिघडायचा प्रश्नही नाही! सिग्नलला दोन्ही पाय टेकायचे, हातातून सुटली तर चक्क आडवी पडते. तीन चाकं म्हणजे पडायची भीती नाही असं समजून बघायला येणारे बरेच भेटतात. ओल्या वळणावर पुढची पकड मात्र अशी आहे की साध्या दुचाकीवर बसल्यावर चुकचुकल्यासारखं वाटतं. टिकाऊपणाबद्दल सांगण्यासारखं काही घडलेलं नाही, म्हणून इथेच थांबतो.

*

धागाकर्ते, तुमचीच जात माझी, स्पायडर. मी बदलली, तेव्हा जमाखर्च मांडतो.

जुनी 998 सीसीची व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), पाच गिअर. नवी 1330 सीसीची तीन सिलिंडरवाली, सहा गिअर, 115 अश्वशक्ती. हे इंजिन 2014 च्या मॉडेलपासून आलं. फरक कागदावर वाटतो त्याहून मोठा आहे, पण तो वेगात नाही. हायवेवर इंजिन निवांत फिरतं, त्यामुळे दिवसभर चालवून उतरलं की अंगात कंप राहत नाही. ऑइल बदलायचं अंतर 15,000 किमी झालं. लांबचे प्रवास करणाऱ्याला एवढ्यासाठीसुद्धा बदल पटेल.

आता न बदललेलं. मागचा टायर तसाच भराभर झिजतो, कारण सगळी ताकद त्या एकट्यावर. पुढची जोडी टिकते त्याच्या निम्म्या वेळात तो मधोमध गुळगुळीत होतो. तो बदलायचा म्हणजे मागचं चाक काढणं आलं, आणि चाक परत बसवताना ते फिरवणाऱ्या बेल्टचा ताण आणि सरळपणा नीट साधला नाही तर ठरावीक वेगाला पायाखाली थरथर सुरू होते. खड्डा चुकवण्याची पंचाईतही तीच. दुचाकीला एक रेघ सांभाळायची, इथे तीन. चाकांच्या मधून सोडलेला खड्डा मागच्या चाकाला बरोबर सापडतो.

थोडक्यात, आराम नवा मिळाला, खर्चाची यादी जुनीच राहिली. आणि हो, खूप चालली म्हणून जुनी दिली नाही. लांब जाणं वाढलं म्हणून दिली.

*

वरच्या प्रतिसादाला +1.

*

मी न झुकणाऱ्या याच गाड्या दुरुस्त करतो, म्हणून धागाकर्त्यांच्या दिव्यांबद्दल लिहितो.

पहिला प्रश्न: बॅटरी किती वर्षांची? या गाड्यांत स्टॅबिलिटी सिस्टिम (गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा), पॉवर स्टिअरिंग, इंजिनाचा कंप्युटर सगळे एकमेकांशी सतत बोलत असतात. स्टार्टर फिरताना व्होल्टेज थोडं जास्त खाली गेलं की यातला एखादा गडबडतो आणि नको तो कोड (बिघाडाचा नंबर) टाकतो. इंजिन चालू होतंय म्हणजे बॅटरी चांगली, हा दुचाकीचा नियम इथे लागू होत नाही. लोडवर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून, तपासा. बॅटरीची आणि अर्थची टोकं सोडवून, घासून परत आवळा. बंद केल्यावर शहाण्यासारखी पळते म्हणालात, त्यावरून माझा पहिला संशय तिथेच. कोड वाचून घ्या, पण कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येईल तो लगेच बदलू नका.

दुसरं, ओढणारं हॅण्डल. हा सवयीने सहन करायचा दोष नाही. पुढचं अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा) बिघडलं की सरळ जातानाही हॅण्डल जरासं वळवून धरावं लागतं. स्टॅबिलिटी सिस्टिम हॅण्डलचा कोन आणि चाकांचे वेग वाचत असते. तिला वाटतं चालक वळतोय, गाडी मात्र सरळच चाललीय. मग ती मध्येच ब्रेक लावते किंवा ताकद कमी करते. म्हणजे तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. मात्र अलाइनमेंटच्या आधी पुढचं एकेक चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचं टोक (चाक धरणारे आणि वळवणारे सांधे) ढिलं असेल तर लेझर लावून केलेलं अलाइनमेंटही चार दिवसांत वाया जाईल. टायरमधली हवाही बघा. न झुकणाऱ्या गाडीत पुढच्या टायरला कारपेक्षा खूप कमी दाब लागतो. पंपावरचा माणूस सवयीने कारएवढी भरतो आणि गाडी रस्त्यावर टणाटण उडते.

इंजिन उघडायची वेळ माझ्याकडे क्वचित येते. गाडी म्हातारी होते ती रबराने, सांध्यांनी आणि वायरिंगने. वर्षभर उभी राहिलेली कमी किलोमीटरची गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त रडवते. जुनी घेणाऱ्यांनी मीटर नंतर बघा, आधी बेल्टचे दात, मागच्या पुलीत अडकलेले खडे आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगचा आवाज.

*

मागे दोन चाकांची ट्राइक, किट बसवून केलेली. मूळ बाइक टिकाऊ म्हणून नावाजलेली, त्या बाजूने निश्चिंत. चिंता किटची. डिफरन्शियल (वळणावर मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), ॲक्सल, ब्रेक सगळं किटवाल्याचं, आणि माझ्या किटवाल्याने धंदाच गुंडाळला. एका जाणकाराने ॲक्सलच्या बेअरिंगवरचे आणि ऑइल सीलवरचे नंबर उतरवून दिले. ते सर्वसाधारण मापाचे निघाले, कुठेही मिळतात. तुमची ट्राइक किटची असेल तर गाडी धडधाकट असतानाच हे नंबर वहीत लिहून ठेवा.

दुसरं, पुढच्या फोर्कचा कोन मूळचाच ठेवला असेल तर हॅण्डल जड लागतं, खांदे भरून येतात. कोन बदलणारे ट्रिपल क्लॅम्प (फोर्क धरणारे भाग) मिळतात. ते बसवल्यावर नवीन ट्राइक घ्यायचा विचार माझ्या डोक्यातून गेला.

*

साइडकार. बिघाड हा शब्द आम्हाला लागू नाही, आमच्याकडे देखभालच अखंड चालू असते! गंमत सोडा. दुचाकीच्या चाकावर बाजूने येणारा भार धरलेलाच नसतो, इथे तो प्रत्येक वळणाला येतो. म्हणून स्पोक आणि जोडणीचे बोल्ट सतत तपासावे लागतात. कंप्युटर नाही, हे मात्र सुख.

*

सगळ्यांचे आभार. बॅटरी लोडवर तपासून घेतली, मेलेलीच निघाली. ती बदलल्यापासून एकही दिवा लागलेला नाही. पुढचं डावं चाक उचलून हलवलं तर खालच्या बॉल जॉइंटमध्ये ढिलाई आहे, पार्ट मागवलाय. नवीन गाडीचं बघणं तूर्त थांबवलंय. अलाइनमेंट झालं की आधीचे आणि नंतरचे आकडे इथेच टाकतो. दुरुस्तीवाले दादा, एक शंका: बॉल जॉइंट एकाच बाजूचा बदलला तर चालेल की दोन्हीकडचे एकदमच करून घेऊ?