पिल्लू पुस्तके कुरतडते. कप्पा रिकामा करावा का?

प्रश्न: आमच्याकडे साडेचार महिन्यांचे देशी पिल्लू आहे. गेल्या आठवड्यात त्याने माझ्या वडिलांच्या शब्दकोशाचा पुठ्ठा आणि शिवण कुरतडली. पुस्तके सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवणे ही माझीच चूक आहे, असे पत्नीचे म्हणणे आहे; मला मात्र ती बसल्या जागी हाताशी हवी असतात. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून तेथे डांबरगोळ्याही ठेवल्या आहेत. काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम डांबरगोळ्या आजच काढा, कारण त्या कुत्र्यांना विषारी असतात आणि एखादी गोळी गिळली गेली तरी पिल्लाच्या जिवाला धोका संभवतो. कुरतडण्याचे मूळ दातांत आहे. पिल्लाचे २८ दुधाचे दात या वयात पडत असतात आणि साधारण सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, म्हणून त्याला गार केलेले ओले फडके किंवा मऊ रबरी खेळणे चघळायला द्यावे. त्याला मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर: तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पटते. आमच्याकडे हाच वाद झाला, तेव्हा यजमानांनी खालचे दोन कप्पे रिकामे केले आणि घरात शांतता नांदू लागली. शब्दकोशाची सुटलेली पाने क्रमाने जपून ठेवा; चांगला बाइंडर नवी शिवण घालून देतो.

प्रश्नकर्ता: डांबरगोळ्या काढल्या. पाने पत्नीनेच क्रमाने लावून ठेवली आहेत. फक्त ‘क्ष’ची दोन पाने अजून सापडलेली नाहीत.