स्कीच्या स्किन्सचा गोंद वितळला, दिवाळीनंतर मनालीचा बेत आहे. मदत हवी

मंडळी, मी साताऱ्याचा. दहाएक वर्षं सह्याद्रीत क्लाइंबिंग करतोय. बर्फाचा अनुभव एवढाच, की गुलमर्गला फेब्रुवारीत स्कीचा बेसिक कोर्स केलाय. स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी, गोंदाने चिकटणारी केसाळ कापडी पट्टी) लावून आपल्या पायांनी चढ चढायचा टूरिंग प्रकार अजून केलेला नाही.

दिवाळीनंतर बारा दिवस रजा आहे. आधी मनालीजवळच्या सेथन गावी ग्रॅनाइटवर बोल्डरिंग (मोठ्या शिळांवर दोराशिवाय चढाई), मग अटल बोगद्यातून लाहौलात जाऊन बर्फ मिळाला तर टूरिंग, असा बेत आहे. पावसाळ्यानंतर आपला कातळ कसा असतो ते सांगायला नको. पकड म्हणून हात घालावा तर गवताचा गड्डा मुळासकट हातात, वर आग्या मोहोळाची धास्ती. म्हणून त्या खरखरीत ग्रॅनाइटचा मोह.

आता घोळ. मित्राने दिलेल्या जुन्या स्किन्स मी उन्हाळाभर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या (हो, अक्कल गहाण). परवा उघडल्या तर चिक्कीच्या पाकासारख्या तारा सुटल्या. एका स्किनचं कापड मध्येच उघडं पडलंय. आई म्हणाली, "उंदराचा गोंद घरात कशाला आणलास?"

या स्किन्स वाचतील का? आणि नोव्हेंबरात बर्फ पातळच असतो, मग हिमस्खलनाची भीती कमी ना? सांगलीचा जोडीदार म्हणतो, "वीतभर बर्फात कोण गाडला जातंय!"

प्रतिसाद १

स्किन्स वाचतील. गोंदाची बाजू वर करून फळीवर ताणून बांधा. वर ब्राउन पेपर ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवा आणि कागद गरम असतानाच सोला, गोंद कागदाबरोबर येतो. सगळा निघाला की स्किन ग्लूचे दोन पातळ थर द्या, पहिला सुकल्यावरच दुसरा. पुढच्या उन्हाळ्यात मध्ये जाळीची पट्टी घालून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

तुमच्या जोडीदाराचं ऐकू नका. ऑक्टोबरात पडलेला पातळ बर्फ सावलीच्या उतारांवर टिकून राहतो. खाली जमीन त्यामानाने उबदार, वर रात्रीचा कडाका. त्या फरकाने बर्फाचे कण साखरेसारखे सुटे होतात, मूठ वळून बघा, गोळा होत नाही. त्यावर पुढचा बर्फ पडून बसला की वरचा थर अख्खा सुटू शकतो. ३० ते ४५ अंशांचे उतार त्यासाठी सगळ्यात वाईट, आणि स्कीला मजाही तिथेच येते. पातळ थराखाली दगड लपलेले असतात ते वेगळंच, गुडघा जायला एक पुरतो.

गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जोडीदारानेच काढायचं असतं. बीकन (गाडलेला कुठे आहे ते दाखवणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं दोघांकडेही आहे का? वापरायचा सराव?

धागाकर्ता

नाही. तिन्हीतलं एकही नाही.

जोडीदाराला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "मग नुसतं बोल्डरिंगच करू की," एवढंच म्हणाला, म्हणजे पटलं. स्की यंदा घरीच. बारा दिवस सेथनला, थंडीने बोटं बधिर होईपर्यंत. टूरिंगचं फेब्रुवारीत, जाणकाराबरोबर.

आईने तिची इस्त्री द्यायला साफ नकार दिलाय, जुन्या बाजारातून घेतो. स्किन ग्लूची अर्धी ट्यूब कुणाकडे उरली असेल तर सांगा, पुण्यापर्यंत येऊन घेऊन जाईन.