घरच्या घरी गाडीचं डिटेलिंग: उन्हात दिसणारं जाळं आणि टँकरच्या पाण्याचे डाग

निळी_वाघोली
नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी २०१७ ची गडद निळी बलेनो सेकंडहँड घेतली. माझी पहिलीच गाडी, म्हणून सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मुलाकडे न देता दर रविवारी मीच धुते. दसऱ्याला पूजेसाठी पार्किंगमधून उन्हात काढली आणि जीव खट्टू झाला. बॉनेट, दारं, डिकी, सगळीकडे बारीक गोल ओरखडे, कोळ्याचं जाळं पसरावं तसे. टपावर आणि काचांवर पांढरे ठिपके. आमच्याकडे टँकरचं पाणी, स्टीलच्या पिंपालाही पांढरा थर धरतो. त्यात आईने बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक दोन दिवस तसंच राहिलं, आता तिथे फिकट गुलाबी छटा उरलीये.

मी करते ते असं: कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, एका बादलीत भांड्यांचं लिक्विड घालून जुन्या सुती कपड्याने पुसायचं, वर दोन बादल्या पाणी ओतायचं आणि वाळू द्यायचं. गॅरेजवाले म्हणतात रबिंग करून देतो, नवी दिसेल. मला स्वतः शिकायचंय. बजेट तीन हजार. पॉलिशचं मशीन घेऊ का?

रविवारची_बादली
ताई, मशीन सध्या राहू द्या. ओरखडे कुठून आले ते तुम्हीच लिहिलंय: कोरडं फडकं. वाघोलीकडची धूळ म्हणजे अर्धी खडीची भुकटी. ती कोरडी पुसली की पॉलिश पेपरने घासल्यासारखंच. ओरखडे काढले आणि धुण्याची पद्धत तीच राहिली तर जाळं परत येणार.

सकाळी, बॉनेट हाताला गार लागत असताना धुवा. आधी नुसतं पाणी टपावरून खाली सोडा, धूळ भिजून वाहू दे. झाडांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप असतो ना, त्यात कार शांपू घालून गाडीभर मारा आणि पाच मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. मग दोन बादल्या: एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवून एक दार पुसा, साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच पुन्हा शांपूत. मी पहिल्यांदा असं धुतलं तेव्हा साध्या बादलीच्या तळाला बोटभर रेती बसली होती. इतकी वर्षं तीच मी गाडीवर फिरवत होतो, फार वाईट वाटलं.

टप आणि बॉनेट आधी, दारांच्या खालचा भाग शेवटी. चाकांचं फडकं वेगळं ठेवा, ब्रेकची काळी पूड रंगाला लागता कामा नये. भांड्यांचं लिक्विड बंद करा, ते रंगावरचं मेण उतरवतं.

धुऊन झालं की हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून अलगद फिरवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा रंग बोटांना रव्यासारखा खरखरीत लागेल. ते क्ले बारने निघतं, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. शांपूच्या पाण्याने जागा ओली ठेवायची, जोर अजिबात द्यायचा नाही. तुकडा जमिनीवर पडला तर टाकून द्या, त्यात रुतलेली रेती धुऊन निघत नाही. शेवटी मेण लावा. शांपू, हातमोजा, टॉवेल, क्ले आणि मेण एवढं तुमच्या पैशांत बसेल.

सांगलीचा_मिस्त्री
रबिंगबद्दल सांगतो, वीस वर्षं रंगकाम करतोय. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. रबिंग म्हणजे तोच थर घासून कमी करणं. गाडी जुनी घेतलीये, आधीच्या मालकाने किती वेळा घासून घेतलं कुणास ठाऊक. कडांवर तर थर आणखी पातळ, तिथे मशीन जरा जास्त फिरलं की खालचा रंग उघडा पडतो आणि मग पूर्ण पॅनेल रंगवावं लागतं. हाताने हलकं पॉलिश वर्षातून एकदा पुष्कळ झालं.

कुंकवाच्या डागाला नखं लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी घालून मऊ कापडाने टिपा. आधी दाराच्या आतल्या कडेला थोडं लावून बघा. पुढच्या वर्षी स्वस्तिक काचेवर काढा, पूजा तीच.

निळी_वाघोली
दोघांचेही आभार. आज सहा वाजता उठून धुतली. पिशवीचा प्रयोग केला, खरंच रव्यासारखं लागलं! क्ले फिरवल्यावर त्याच जागी पिशवी सुळकन घसरली. मी आईलाही हात लावून बघायला लावलं. गुलाबी छटा जवळजवळ गेली. जाळं आहे, पण आता ते वाढणार नाही एवढं कळलं. टपावरचे पांढरे ठिपके मात्र तसेच आहेत.

रविवारची_बादली
ते पाण्यातले क्षार. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून कापड भिजवा, ठिपक्यांवर मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. सावलीतच. ताजे असतील तर विरघळतील. रंगात खड्डा पडला असेल तर तेवढ्यापुरतं हाताने पॉलिश करा. व्हिनेगरने त्या जागचं मेण कमी होतं, तिथे पुन्हा लावा. आणि गाडी वाळू देत जाऊ नका. शेवटची बादली पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याची घ्या आणि जाड टॉवेल पसरून पाणी टिपून घ्या, घासू नका. टॉवेल घरच्या कपड्यांत धुऊ नका, कंफर्टही घालू नका, नाहीतर तो पाणी पीत नाही.

निळी_वाघोली
फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मी बादलीत साठवते, ते चालेल?

रविवारची_बादली
नाही ताई, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा, गाडीला गाळलेलंच.