मदत हवी आहे: मुलगा रोज कावळ्याची वाट बघतो, त्याला काय सांगू?

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातली. माझे मिस्टर मागच्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, वय 41. मुलगी 12 वर्षांची, मुलगा 7.

रक्षाविसर्जनाला त्यांच्या आवडीची कांदाभजी, चहा, सगळं ठेवलं होतं. अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. कुणीतरी म्हणालं, जीव पोरांत अडकलाय. मग दीरांनी हात जोडले, "दादा, पोरांची काळजी करू नकोस, मी आहे." आणि कावळा आला. मोठ्या माणसांना बरं वाटलं. मुलगा मला चिकटून सगळं बघत होता.

तेव्हापासून रोज सकाळी डब्यातल्या चपातीचा पहिला तुकडा तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. कावळ्याने उचलला की शाळेत जातो. नाही आला तर दप्तर पाठीवर घेऊन तसाच उभा. मागच्या आठवड्यात रिक्षावाले मामा दोनदा हॉर्न वाजवून निघून गेले. परवा तो तुकडा खारीने पळवला, तर दिवसभर रडला. रात्री कुशीत येऊन म्हणाला, "बाबांनी बॅट आणली नव्हती म्हणून मी कट्टी केली होती. म्हणून येत नाहीत ना ते?"

मी म्हटलं, नाही रे राजा. पुढे शब्दच सुचेना. बाबा देवाघरी गेले, बाबा कावळा होऊन येतात, हे आम्हीच त्याला सांगितलंय.

मुलीचं उलटं, ती बाबांचं नावच काढत नाही. "आता तूच आईला सांभाळ" असं येईल तो पाहुणा तिला सांगून गेला. बारा वर्षांच्या पोरीला! माझ्या फोडलेल्या बांगड्यांचे तुकडे तिने कंपासपेटीत ठेवलेत, परवा दप्तर आवरताना सापडले. आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ही प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. मला हे माहीत होतं, तरी त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. तिच्या डोळ्यांदेखत झालं, ते अजून टोचतं.

बालसंगोपन योजनेचे प्रत्येक मुलामागे महिना 2250 रुपये मंजूर झालेत, त्यामुळे पैशाचं विचारत नाही. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मुलाला तिथे न्यावं का? ज्यांनी पोरांसोबत हे दिवस काढलेत, त्यांनीच सांगा. बाकी सल्ले खूप ऐकून झालेत.

प्रतिसाद:
ताई, माझी बायको गेली तेव्हा मुलगी 6 वर्षांची होती. आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, असं तिने मनात धरलं होतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, या वयात मुलं असा दोष स्वतःवर घेतात. देवाघरी, झोपली, असे शब्द सोडा आणि सरळ सांगा: हृदय बंद पडलं, शरीर थांबलं, आता ते परत येत नाहीत, आणि यात तुझी काहीच चूक नाही. एकदा सांगून भागत नाही, मला वर्षभर सांगावं लागलं.

घास बंद करू नका. फक्त ठेवायचा आणि निघायचं, वाट बघायची नाही. श्राद्धाला यायचं का ते त्यालाच विचारा, तिथे काय काय होतं ते आधी सांगा, आणि रडायला लागला तर त्याला घेऊन बाहेर जाईल असं एक माणूस सोबत ठेवा. जीव अडकलाय वगैरे कुणी त्याच्यासमोर बोलायचं नाही, हे दीरांना आजच सांगून ठेवा. तुमच्यासाठीही एक नंबर: टेलिमानस, मानसिक आधारासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी रात्री दोनला केला होता.

धागाकर्ती:
दादा, काल रात्री सांगितलं. बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, "बाबांना कळलं असेल का, मी कट्टी सोडलीय ते?" मला रडू आवरलं नाही. मग तो माझे डोळे पुसत बसला.

आज घास ठेवून वेळेवर निघाला, रिक्षापर्यंत मागे वळून वळून बघत. तो गेल्यावर दहा मिनिटांनी कावळा आला. हे त्याला संध्याकाळी सांगू की नको? आणि मुलीशी बोलायला सुरुवात कुठून करू, कुणी सांगेल का?